एजंटच्या कार्डावर महारेरा नंबर आहे, पण तो त्याचा नाही. तक्रार कुठे करायची?

निवृत्त_वाहक:
नमस्कार मंडळी. एसटीत 31 वर्षं वाहक होतो, मागच्या वर्षी निवृत्त झालो. सासवडकडे 2 गुंठ्यांचा बंगला प्लॉट बघितला, किंमत 20 लाख. दोन एकरांत 24 प्लॉट पाडलेत, रस्त्यांना मुरूम टाकलाय, गेटवर कमान आहे. एजंट गोड बोलणारा, कार्डावर 'महारेरा नोंदणीकृत' (म्हणजे घर-प्लॉटच्या प्रकल्पांवर आणि एजंटांवर नजर ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाकडे नोंदलेला) आणि खाली लांबलचक नंबर. जमीनमालकाच्या नावाने 2 लाखांचा चेक दिला. एजंटला 2 टक्के दलाली म्हणून 40 हजार गूगल पेने दिले.

आता तो म्हणतो, दस्ताआधी आणखी 3 लाख द्या, नाहीतर प्लॉट दुसऱ्याला जाईल. मुलाने नंबर महारेराच्या साईटवर टाकला, तर हिंजवडीची एक इमारत निघाली! आयुष्यभर लोकांचे पास उलटसुलट करून बघितले आणि याचं कार्ड तसंच खिशात घातलं. याचं लायसन रद्द करता येतं का? आणि माझे 40 हजार?

दस्तलेखक_पुणे:
काका, आधी ते 3 लाख देऊ नका. करार करून त्याची नोंदणी केल्याशिवाय 10 टक्क्यांहून जास्त घेता येत नाही (रेरा कायदा, कलम 13). तुमचे 2 लाख म्हणजे बरोबर 10 टक्के झालेच.

नंबर 'पी'ने सुरू होतो का? तो प्रकल्पाचा असतो, एजंटचा 'ए'ने सुरू होतो. म्हणजे त्याने कुठल्यातरी जाहिरातीवरून उचललाय. आणि 24 प्लॉटांच्या स्कीमला स्वतःची नोंदणी लागतेच, कारण जागा 500 चौरस मीटरच्या कितीतरी वर आहे. कलम 10 प्रमाणे नोंदणी नसलेल्या प्रकल्पातला प्लॉट एजंटने विकायलाच नको.

लायसन रद्द करायची तरतूद कलम 9 मध्ये आहे, एजंटचं म्हणणं ऐकून घेऊनच. पण ज्याने नोंदणीच केली नाही त्याचं रद्द काय करणार? त्याच्यासाठी कलम 62 : दिवसाला 10 हजार दंड, कमाल प्लॉटच्या किमतीच्या 5 टक्के. तुमच्या बाबतीत 1 लाख, म्हणजे दहा दिवसांत भरला. पण काका, दंड सरकारच्या तिजोरीत जातो. त्यामुळे 40 हजारांची मागणी तक्रारीत वेगळी लिहा आणि गूगल पेचा स्क्रीनशॉट जोडा. तक्रार ऑनलाइन होते, फी 5 हजार.

ठाणे_एजंट:
मी याच धंद्यात आहे, म्हणून शरम वाटते. आम्ही 10 हजार भरून पाच वर्षांची नोंदणी घेतो. आता प्रशिक्षण आणि परीक्षाही आहे. त्या परीक्षेचं प्रमाणपत्र सादर न केल्यामुळे 2024 मध्ये जवळपास 20 हजार एजंटांची नोंदणी स्थगित झाली होती. तेव्हा मला तीन जणांचे फोन आले, 'तुझा नंबर वापरू दे, डीलमागे 5 हजार देतो.' काकांच्या माणसाने तेवढेही वाचवले.

एक सांगतो, जुना फ्लॅट किंवा भाड्याचं घर दाखवणाऱ्या दलालाला ही नोंदणी लागत नाही. लोक दोन्ही एकच समजतात.

माणदेशी:
एवढी कलमं कशाला, सरळ पोलीस ठाण्यात जा. फसवणूकच आहे ही.

दस्तलेखक_पुणे:
@माणदेशी तेही करावं, महारेराच्या आड ते येत नाही. पण तक्रार एकट्या एजंटवर करू नका, जमीनमालकालाही ओढा. 2 लाख त्याच्या खात्यात आहेत. नोंदणी नसलेल्या प्रकल्पासाठी त्याला एकूण खर्चाच्या 10 टक्क्यांपर्यंत दंड होऊ शकतो, म्हणून तो लवकर नरमतो.

निवृत्त_वाहक:
सगळ्यांचे आभार. नंबर 'पी'चाच आहे. सकाळी एजंटला फोन केला. म्हणतो, "प्रिंटरची चूक झाली काका." मी म्हटलं, आमच्या हातून चुकीचं तिकीट फाटलं तर पैसे आमच्या पगारातून कापायचे, तुझ्या प्रिंटरचे कोण कापणार? त्याने फोन ठेवला. दुपारी जमीनमालकाचाच फोन, "चहाला या, बसून बोलू." चहाला जातो, पण मुलाला घेऊन. आणि तक्रार आज रात्रीच भरतोय. दस्तलेखक, जमीनमालकाचा पत्ता सातबाऱ्यावरचा टाकू की चेकच्या पावतीवरचा? दोन्ही वेगळे आहेत.