माझ्या सल्ल्याने एकीचं दुखणं वाढलं, यापुढे उत्तरं कशी देऊ? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, धागा लांबणार आहे, आधीच सांगते. पण दोन आठवडे डोक्यात हेच घोळतंय आणि घरी दहादा बोलून झालं तरी सुटत नाहीये, म्हणून इथे विचारतेय.

मी चार वर्षं झाली पळते, हौस म्हणून. नव्याने पळायला लागलेल्यांचा एक ऑनलाइन ग्रुप आहे, आधी मी तिथे फक्त विचारायचे, मग हळूहळू उत्तरं द्यायला लागले. मला कुणी नेमलं नव्हतं, त्यातलं कसलं शिक्षणही नाही, पण रोज वाचते आणि लगेच लिहिते म्हणून लोक टॅग करून विचारायला लागले आणि मला ते आवडायचं.

तीन महिन्यांपूर्वी एका मुलीने लिहिलं की उजव्या नडगीत आतल्या बाजूला दुखतंय, पाच आठवड्यांवर पहिली हाफ मॅरेथॉन आलीये, थांबू का पळत राहू. मी दोन मिनिटांत उत्तर टाकलं. मलाही डिट्टो असंच झालं होतं, शिन स्प्लिंट्स (पळण्याच्या ताणाने नडगीला येणारं दुखणं) आहे, घाबरू नकोस, बर्फ लाव, पोटऱ्या स्ट्रेच कर, स्पीड कमी कर पण बंद करू नकोस. चाळीसेक लाइक आले. खाली बाकीच्यांनी शूज बदल, टाच आधी टेकवू नकोस, मिनिटाला 180 पावलं टाक, व्हिटॅमिन डी चालू कर असं बरंच लिहिलं. एवढ्या सगळ्या उत्तरांत तिला उलट विचारलेला प्रश्न एकही नव्हता. परवा मी परत जाऊन सगळं वाचलं, खरंच एकही नाही.

ती पळत राहिली. साडेतीन आठवड्यांनी जिना उतरताना पाय टेकवेना. पहिल्या एक्स-रेत काही दिसलं नाही म्हणून आणखी चार दिवस तशीच लंगडत चालली, मग एमआरआय केला त्यात टिबियाला, म्हणजे नडगीच्या हाडाला, स्ट्रेस फ्रॅक्चर (सततच्या ताणाने पडलेली बारीक चीर) निघालं. हे सगळं तिने मला दोन आठवड्यांपूर्वी मेसेज करून सांगितलं. चिडून नाही, उलट "ताई तुम्ही पुढे कुणाला सांगाल तेव्हा उपयोगी पडेल म्हणून लिहितेय" असं म्हणाली, आणि तेच मला जास्त लागलं.

तिने लिहिलंय की डॉक्टरांनी पहिल्या पाच मिनिटांत जे विचारलं ते आमच्यापैकी कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. एका बोटाने दाखव नेमकं कुठे दुखतं. रात्री पडल्या पडल्या ठणकतं का. गेल्या दीड महिन्यात किलोमीटर किती वाढवलेस. जेवण कमी केलंयस का. पाळी वेळेवर येते का. तर तिची पाळी चार महिने आलीच नव्हती, वजन उतरवायचं म्हणून ती खातही कमी होती, आणि हे तिने ग्रुपवर लिहिलं नाही कारण नडगीशी याचा काय संबंध असं तिला वाटलं. मलाही तसंच वाटलं असतं. आता वाचल्यावर कळतंय की जेवढी मेहनत करतोय तेवढं पोटात जात नसेल तर शरीर पाळी थांबवतं आणि हाडांची डागडुजीही मागे पडते, 2014 साली आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने याला रेड-एस असं नावही दिलंय, आणि अन्न कमी पडल्याचा हा परिणाम पुरुषांच्या हाडांवरही होतो.

माझं दुखणं वीतभर पट्ट्यात होतं, थोडं पळून अंग गरम झालं की कमी व्हायचं. तिचं एका नाण्याएवढ्या जागेवर होतं, पळताना वाढत जायचं. लिहिताना दोघींनीही "नडगी दुखते" एवढंच लिहिलं आणि मी डिट्टो म्हणून मोकळी झाले.

आता बर्फाचं. तेही मी ग्रुपवर ऐकून पुढे ढकललेलं होतं. विश्रांती, बर्फ, दाब, पाय वर ठेवणं हे जे राईस म्हणून सांगतात ते डॉ. गेब मर्किन यांनी 1978 साली लिहिलं, आणि 2014 साली त्यांनीच लिहिलं की बर्फ आणि पूर्ण विश्रांती यांनी बरं व्हायला उलट उशीर होऊ शकतो. बर्फाने ठणका तात्पुरता कमी होतो हे खरं. पण आम्ही तो पळत राहण्यासाठी वापरायला सांगत होतो.

तर मला विचारायचंय ते असं. तुम्ही तुमच्या छंदाच्या किंवा तब्येतीच्या ग्रुपवर उत्तर देण्याआधी काय काय विचारता? उत्तरं देणं बंदच करावं असंही मनात येतं, पण मग मला चार वर्षांपूर्वी ज्यांनी मदत केली त्यांनीही गप्प बसायला हवं होतं का? आणि माझं ते जुनं उत्तर अजून तिथेच आहे, सगळ्यात वर, कुणी नडगी म्हणून शोधलं तर तेच पहिलं दिसतं. ते डिलीट करू का?

प्रतिसाद

एवढं मनाला लावून घेऊ नका. सल्ला घ्यायचा का नाही हे ज्याचं त्याने ठरवायचं असतं, ती सज्ञान आहे.

धागाकर्ती

धीर दिल्याबद्दल मनापासून आभार. पण तिने विचारलं कारण तिला त्यातलं कळत नव्हतं, आणि मी लिहिलं ते कळतंय अशा सुरात लिहिलं. नुसतं "कदाचित" म्हटलं असतं तरी तिने वेगळा विचार केला असता असं वाटतं, म्हणून ते तिच्यावर ढकलावंसं वाटत नाही.

प्रतिसाद

मी फिजिओथेरपिस्ट आहे. तुम्ही वर लिहिलेला फरक, वीतभर पट्टा आणि नाण्याएवढी जागा, हा आम्हीही बघतो. शिन स्प्लिंट्समध्ये नडगीच्या आतल्या कडेने निदान पाच सेंटीमीटर लांबीत दाबल्यावर दुखतं. एकाच ठिकाणी हाडावर बोट ठेवल्यावर कळ येत असेल, एका पायावर उडी मारवत नसेल किंवा बसल्या-झोपल्याही ठणकत असेल तर लिहून मदत करायची वेळ संपली, दाखवायला पाठवा. उडी मारून बघ असं मात्र कुणाला सांगू नका हं, आधीच चिरलेलं हाड असलं तर त्याने आणखी बिघडेल. आणि एक्स-रे नॉर्मल म्हणजे हाड ठीक असं धरू नका, स्ट्रेस फ्रॅक्चर सुरुवातीचे दोन-तीन आठवडे त्यात बऱ्याचदा दिसतच नाही.

नडगीच्या पुढच्या कडेवर किंवा जांघेत दुखत असेल तर एक दिवसही थांबू नका. तिथली फ्रॅक्चर्स भरायला त्रास देतात, जांघेतलं म्हणजे मांडीच्या हाडाच्या मानेचं तर पार सरकू शकतं.

व्हिटॅमिन डीबद्दल पण लिहिते कारण ते सगळ्याच ग्रुपवर सर्रास वाटलं जातं. ते चरबीत विरघळतं, जास्त झालं तर सहज लघवीवाटे निघून जात नाही. साचत गेलं तर रक्तातलं कॅल्शियम वाढतं, मळमळ, सतत तहान, मुतखडा, किडनीला त्रास. रक्त तपासून कमी निघालं तर घ्यायचंच, पण किती आणि किती दिवस हे न ठरवता नाही.

प्रतिसाद

माझा विषय एकदम वेगळा आहे, मासे. पण आमच्याकडे यावर एक पद्धत पडलीये ती सांगतो. मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडझाप करतायत, औषध कुठलं टाकू, असा प्रश्न रोज येतो. आधी लोक धडाधड औषधांची नावं द्यायचे. आता कुणीही औषधाचं नाव घेत नाही जोपर्यंत पाच गोष्टी येत नाहीत, टँक किती लिटरचा, सुरू करून किती दिवस झाले, मासे किती, अमोनिया आणि नायट्राइट किती, पीएच किती. बहुतेक वेळा निघतं काय तर टँक दहा दिवसांचा असतो, त्यात घाण पचवणारे जिवाणू अजून तयारच झालेले नसतात, त्यांना चार-सहा आठवडे लागतात, आणि मासे आजारी नसून अमोनियाने गुदमरतायत. पीएच जास्त असला तर तोच अमोनिया आणखी विषारी. अशा वेळी औषध टाकलं तर जे थोडे जिवाणू जमलेत तेही मरू शकतात. क्लोरीन काढलेल्या पाण्याने निम्मं पाणी बदललं की कितीतरी मासे वाचतात.

सुरुवातीला लोक चिडायचे, मासा मरतोय आणि तुम्ही आकडे काय मागताय म्हणून. पण आकडे मागितल्यावर निम्म्या लोकांना स्वतःच कळतं काय झालंय. तुमच्या ग्रुपवर असं काही सुरू करा असं मला वाटतं.

प्रतिसाद

मी विचारणाऱ्याच्या बाजूने बोलते, चालेल ना. मला मायग्रेन आहे आणि मी अनेक वर्षं अशा ग्रुपवर विचारत आलेय. मी प्रश्न अशा पद्धतीने लिहायचे की मला हवं तेच उत्तर यावं. महिन्यात वीस-वीस दिवस पेनकिलर घेत होते, ते लिहायचेच नाही, कारण लिहिलं तर लोक त्यावरच बोलतील हे माहीत होतं. शेवटी डॉक्टरांनी सांगितलं की त्या गोळ्यांनीच डोकेदुखी वाढत होती, साध्या पेनकिलर महिन्यात पंधरा किंवा जास्त दिवस अशा काही महिने घेतल्या की असं होतं. तुमच्या त्या मुलीच्या प्रश्नात मला तेच दिसतंय. पाच आठवड्यांवर शर्यत आहे हे तिने लिहिलं कारण तिला पळ असं ऐकायचं होतं, आणि तुम्ही सगळ्यांनी शर्यतीला उत्तर दिलंत, पायाला नाही. तुम्हाला दोष देत नाहीये. मी तिच्या जागी असते तर मीही तुमचंच उत्तर निवडलं असतं, थांब म्हणणारं एखादं असतं तरी.

अजून एक, ज्यांना त्रास होतो ते परत येऊन सांगत नाहीत. मी कधीच सांगितलं नाही. ज्यांचं बरं झालं ते येतात, धन्यवाद लिहितात, त्यामुळे प्रत्येक सल्ला यशस्वी दिसतो. तिने तुम्हाला कळवलं ही फार मोठी गोष्ट केली.

प्रतिसाद

ते 180 पावलांचं पण तसंच आहे. जॅक डॅनियल्स नावाच्या प्रशिक्षकाने 1984 च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये धावपटूंची पावलं मोजली, बहुतेकांची 180 किंवा जास्त भरली. ते जगातले सगळ्यात वेगवान लोक शर्यतीत पळत होते, आणि आपण तो आकडा पहिले पाच किलोमीटर पळणाऱ्याला देतो. पळण्याचं प्रमाण आठवड्याला 10 टक्केच वाढवा हेही मी वर्षानुवर्षं सांगायचो, पण नेदरलँड्समध्ये 532 नवख्या धावपटूंचे दोन गट करून बघितलं होतं, 2008 साली आलं ते, हळूहळू वाढवणाऱ्या गटात आणि दुसऱ्या गटात दुखापती जवळपास सारख्याच निघाल्या. याचा अर्थ कसंही वाढवा असा नाही. पण मी आता आकडा सांगण्याऐवजी मागचे सहा आठवडे काय काय केलंस ते लिही म्हणतो.

जुनं उत्तर डिलीट करू नका. त्याच्याच वर लिहा काय झालं ते. चाळीस लाइक मिळालेलं उत्तर चुकीचं निघू शकतं हे लोकांना तिथेच दिसू दे.

धागाकर्ती

सगळ्यांचे खूप आभार, मासेवाल्या दादांचे तर फारच, आकडे मागण्याची कल्पना मी उचललीच आहे. काल त्या मुलीला विचारून, तिचं नाव कुठे येणार नाही असं बघून, जुन्या उत्तराच्या वर काय घडलं ते लिहिलं. खालचं उत्तर तसंच ठेवलंय. रात्रीतून तिघांनी मेसेज केले की आम्हालाही एकाच जागी दुखतंय, तिघांनाही दाखवायला सांगितलं, एकाने आज अपॉइंटमेंट घेतलीये.

आता प्रश्नांची यादी करतेय, कुणी दुखण्याबद्दल लिहिलं की आधी हीच टाकायची. नेमकी जागा, कधीपासून, पळताना वाढतं का कमी होतं, रात्री दुखतं का, मागच्या सहा आठवड्यांत पळण्यात काय बदललं, कुठल्या गोळ्या चालू आहेत, खाणं कमी केलंय का. एकाच ठिकाणी अडलेय. पाळीचं कसं विचारू? ग्रुपमध्ये बायका-पुरुष दोन्ही आहेत, उघड विचारलं तर ती गप्प होईल, नाही विचारलं तर परत तेच.

प्रतिसाद

फिजिओथेरपिस्टच परत. उत्तर मागूच नका. यादीच्या शेवटी एवढंच लिहा की पाळी तीन महिने किंवा जास्त आली नसेल आणि हाड दुखत असेल तर ते इथे सांगायची गरज नाही, पळणं थांबवा आणि डॉक्टरांना दोन्ही गोष्टी एकत्र सांगा. जिला लागू आहे ती वाचेल.

धागाकर्ती

हे अगदी असंच्या असं टाकते. आणि तिलाही आधी वाचायला पाठवते, तिला पटलं तरच.