पडद्यावरचंच वाचून दाखवायचं असेल, तर व्याख्यान कशाला?

दांडियाबाजारकर
गेल्या रविवारी आपल्याच भागात बडोद्याला पाणी पुरवणाऱ्या आजवा तलावावर व्याख्यान झालं. विषय माझ्या जिव्हाळ्याचा, वक्ता खरा अभ्यासू. आजव्याची इतकी माहिती असलेली माणसं बडोद्यात आता फार नाहीत. तरीही विसाव्या मिनिटाला पुढच्या रांगेत मोबाइल उघडले. प्रत्येक स्लाइडवर बारा-बारा ओळी, आणि ते पडद्याकडे तोंड करून त्याच वाचत होते. आपण त्यांच्या आधी वाचून मोकळे होतो, मग ते शेवटच्या ओळीपर्यंत पोचायची वाट बघतो. इतक्या चांगल्या माणसाचं असं होताना बघून वाईट वाटलं.

माझं म्हणणं स्पष्ट आहे: स्लाइडवर वाक्य नको. चित्र, नकाशा, फार तर एखादा आकडा. तलाव शहरापेक्षा उंचावर आहे म्हणून पाणी उताराने येतं, एवढं सांगायला नऊ ओळी खर्ची पडल्या. उजवीकडे आजवा, डावीकडे शहरातली मांडवी आणि मधे उतरती रेघ, एवढा आडवा छेद काढला असता तर शाळकरी पोरालाही समजलं असतं. कॅलिफोर्नियातले मानसशास्त्रज्ञ रिचर्ड मेयर यांनी प्रयोगांतून हेच दाखवलंय: चित्र आणि बोलणं एवढ्यावर माणूस जितकं शिकतो, त्यापेक्षा तेच बोलणं पडद्यावर लिहूनही दाखवलं तर कमी शिकतो. डोळ्यांना एकाच वेळी चित्रही बघावं लागतं आणि ओळीही वाचाव्या लागतात.

आणि हे बडोद्याला नवं नाही. सयाजीराव महाराजांच्या ग्रंथालय खात्यात जादूचा कंदील आणि सिनेमा घेऊन गावोगाव जाणारी वेगळी शाखा होती. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांनाही शिकता यावं म्हणून. काचेवरचं चित्र पडद्यावर, आणि बाजूला उभा राहून बोलणारा माणूस. तिथून आपण बारा ओळींवर कसे आलो?

निवृत्त शिक्षिका, रावपुरा
मी त्याच व्याख्यानाला होते, नातीला घेऊन. ती गुजराती माध्यमात आठवीला आहे. मराठी बोलते, पण घरातलं. ‘सांडवा’, ‘पाणलोट’, ‘उपसा’ हे शब्द तिने आयुष्यात ऐकलेले नव्हते. हिंदीमुळे देवनागरी येते, म्हणून पडद्यावर वाचून तिने ते वहीत उतरवले. घरी आल्यावर विचारते, “आजी, सांडवा म्हणजे सांडणं का?” नुसतं चित्र असतं तर हा प्रश्न तिला सुचलाच नसता.

मेयरांचं नाव घेतलंत तर पुढचंही सांगा. ज्यांची ती भाषा सवयीची नाही किंवा शब्दच अवघड आहेत, त्यांना मजकुराची मदत होते, हा अपवाद त्यांच्याच मांडणीत आहे. आपल्या सभागृहात निम्मी मुलं अशी, आणि उरलेले आम्ही, ज्यांना पंख्यांच्या आवाजात माइक नीट ऐकू येत नाही. ‘स्लाइडवर वाक्य नको’ हा नियम ज्यांचे कान शाबूत आणि मराठी पक्की त्यांच्या सोयीचा आहे. मला तो अन्यायाचा वाटतो.

मकरपुरा शिफ्ट
बाईंशी सहमत, कारण वेगळं. आमच्या कारखान्यात पीपीटी हाच दस्तऐवज असतो. मीटिंगला आठजण असतात, नंतर तीच फाइल मेलवर पंचवीस जणांकडे जाते. नुसता फोटो आणि एक आकडा पाठवला तर न आलेल्या माणसाला काय कळणार? वेगळी टिपणं लिहा म्हणणं सोपं आहे. रात्री अकराला दुसऱ्या दिवशीचा रिव्ह्यू तयार करणाऱ्याला विचारा.

दांडियाबाजारकर
@मकरपुरा शिफ्ट, याच सवयीचं एक उदाहरण देतो. नासाचं कोलंबिया यान, जानेवारी २००३. उड्डाणाच्या वेळी इंधनाच्या टाकीवरच्या फोमचा तुकडा पंखावर आदळला. यान अजून वरच होतं तेव्हा इंजिनिअरांनी स्लाइड दाखवली. मथळा धीर देणारा, आणि अगदी खाली, बारीक अक्षरात, बुलेटच्या पोटातल्या बुलेटमध्ये खरी गोष्ट: तुकडा १९२० घन इंचांचा, चाचण्या ३ घन इंचांच्या तुकड्यांवर झालेल्या. म्हणजे ६४० पट. १ फेब्रुवारीला यान तुटलं, कल्पना चावला आणि तिचे सहा सहकारी गेले. चौकशी मंडळाने अहवालात ती स्लाइडच छापली. स्लाइडला दस्तऐवज केलं की ना ती धड बघता येते, ना धड वाचता येते.

मकरपुरा शिफ्ट
ती स्लाइड मीही बघितली आहे, आणि मला त्यातून उलटं दिसतं. वाक्य होतं हा दोष नव्हता. महत्त्वाचं वाक्य तळाशी होतं हा दोष होता. ‘आदळलेला तुकडा चाचणीतल्या तुकड्याच्या ६४० पट मोठा आहे’ हे पूर्ण वाक्य मथळ्यात असतं आणि खाली दोन ठोकळे, एक तांदळाच्या दाण्याएवढा आणि दुसरा त्याच मापाने मोठा, तर? तुमच्या नियमाप्रमाणे ते वाक्य खोडावं लागेल. बहुतेकांचा मथळा ‘चाचणीचे निष्कर्ष’ असा असतो. तो काहीच सांगत नाही. माझ्या मते निष्कर्षच मथळ्यात लिहावा, तोही क्रियापदासकट.

दांडियाबाजारकर
हे मान्य. मथळ्यात एक पूर्ण वाक्य, माझा नियम तेवढा मागे घेतो. बारा ओळींचा नाही.

कीर्तनवेडी
मला तर पडदाच नको वाटतो. नारदीय कीर्तनात पूर्वरंगात निरूपण, उत्तररंगात आख्यान, हातात चिपळ्या, आणि दोन तास कोणी हलत नाही. अॅमेझॉनमध्येही जेफ बेझोस यांनी २००४ साली वरिष्ठांच्या बैठकीत पॉवरपॉइंट बंद करून सहा पानी टिपण आणायला सांगितलं. ते टिपण बैठकीच्या सुरुवातीला सगळे शांतपणे वाचतात. बोलणाऱ्याची तयारी नसते तिथेच ओळी वाढतात, असं माझं मत आहे.

निवृत्त शिक्षिका, रावपुरा
कीर्तनाची कथा श्रोत्याला आधीच ठाऊक असते गं. धरणाचा छेद कोणाला ठाऊक असतो? पण तुझ्या म्हणण्यातलं एक घेते: मधेमधे पडदा मोकळा हवा. स्लाइड शो चालू असताना कीबोर्डवरची ‘बी’ दाबली की पडदा काळा होतो. वर्गात मी फळा पुसायचे आणि मुलांच्या माना वर यायच्या, तसंच होतं.

अक्षरजुळणी
तुम्ही सगळे मजकूर किती यावर भांडताय, पण देवनागरीचं कोणी बोललंच नाही. ३० पॉइंटचा टाइप घ्या हा अमेरिकन लेखक गाय कावासाकींचा सल्ला इंग्रजी अक्षरं समोर ठेवून दिलेला. आपल्याकडे वर वेलांटी आणि रफार, खाली उकार, त्यामुळे दोन ओळींतलं अंतर इंग्रजीइतकंच ठेवलं की वरचा ‘तू’ आणि खालचा ‘र्थि’ एकमेकांत घुसतात. अंतर वाढवलं की पाच-सहा ओळींच्या वर काही मावतच नाही. लिपीच तुमचा वाद बराचसा मिटवते.

आणि कृपा करून युनिकोडमध्ये टाइप करा. श्रीलिपी या जुन्या मराठी टायपिंग सॉफ्टवेअरमधली फाइल आयोजकांच्या लॅपटॉपवर उघडली की नुसती चिन्हं दिसतात. भर सभेत घामाघूम झालेले वक्ते मी पाहिलेत. मुक्ता किंवा बलू हे फॉन्ट वापरत असाल तर सोबत पीडीएफ ठेवाच.

दांडियाबाजारकर
काल त्या वक्त्यांच्या घरी जाऊन आलो. पुढचं व्याख्यान दोन महिन्यांनी आहे, स्लाइड एकत्र बसून करायला ते आनंदाने तयार झाले. त्यांच्याकडे आजव्याचे हाताने काढलेले नकाशे आहेत, पेटीत गुंडाळून ठेवलेले. एकही दाखवला नव्हता! कोणाला बघायला आवडतील असं त्यांना वाटलंच नाही. ते स्कॅन करतोय. बारा ओळींचं टिपण छापून दाराशी ठेवू, मोठ्या अक्षरात. न आलेल्यांना तेच पाठवू. बाई, आता पटलं का?

निवृत्त शिक्षिका, रावपुरा
निम्मं. अंधारात कागद वाचता येत नाही, तेव्हा पुढचे दिवे चालू ठेवा. आणि नकाशावर सांडवा दाखवाल तेव्हा त्याच्या शेजारीच ‘सांडवा’ हा शब्द लिहा, मागच्या रांगेतून दिसेल एवढा. नातीला घेऊन येते.