अंतर्मुख की बहिर्मुख?
माणूस एकतर अंतर्मुख असतो किंवा बहिर्मुख, हे मत सोयीचे असले तरी मोजमापाशी जुळत नाही. बहिर्मुखता हा उंचीसारखा सलग गुण असून बहुसंख्य लोक मधल्या पट्ट्यातच आढळतात. ऑलपोर्ट आणि ऑडबर्ट या मानसशास्त्रज्ञांनी १९३६ मध्ये इंग्रजी शब्दकोशातून माणसाचे वर्णन करणारे सुमारे १८,००० शब्द वेचले आणि पुढे अशा शब्दांच्या सांख्यिकी विश्लेषणातून व्यक्तिमत्त्वाचे पाच मुख्य घटक हाती आले; बहिर्मुखता त्यांपैकीच एक (काही संशोधक सहा मानतात, हा भाग वेगळा). अशा स्थिर स्वभावगुणांच्या कल्पनेवर मानसशास्त्रज्ञ वॉल्टर मिशेल यांनी १९६८ मध्ये घेतलेला आक्षेप मला अधिक मोलाचा वाटतो: एका प्रसंगातील वागण्यावरून दुसऱ्या प्रसंगातील वागण्याचा अंदाज फारसा बांधता येत नाही. बैठकीत तोंडही न उघडणारी व्यक्ती मित्रांमध्ये मैफल गाजवते. मात्र अनेक प्रसंगांची सरासरी काढली की व्यक्तीव्यक्तींमधील फरक बऱ्यापैकी टिकून राहतो.