एकाच मूल्यमापनात हिशेबही आणि शिकणंही: टीओआर कसा लिहावा?

कच्चा_मसुदा
चार वर्षांच्या बालपोषण कार्यक्रमाचं अंतिम मूल्यमापन करून घ्यायचंय. निधी देणाऱ्यांना पैसा कारणी लागला का ते कळायला हवंय, तर कार्यक्रम राबवणाऱ्यांना पुढचा टप्पा कसा आखायचा ते. टीओआरच्या (मूल्यमापकांनी काय, कसं आणि कधीपर्यंत करायचं ते ठरवणाऱ्या दस्तऐवजाच्या) मसुद्यात ३४ प्रश्न झालेत आणि क्षेत्रभेटींना तीनच आठवडे आहेत. मध्यावधी मूल्यमापनात २२ शिफारशी होत्या. बहुतेकांपुढे 'मान्य' लिहिलंय, पुढे काय झालं याची नोंद नाही. हे दोन्ही हेतू एका अहवालात बसतात का? आणि कापायचं काय?

रकानेवाले
३४ प्रश्न म्हणजे ओईसीडी-डॅकच्या (ओईसीडी या देशांच्या संघटनेच्या विकास साहाय्य समितीच्या) प्रत्येक मूल्यमापन निकषाखाली पाच-सहा, असंच झालं असणार. हे निकष १९९१ साली पाच होते, २०१९ मध्ये 'सुसंगती' हा सहावा आला. त्याच सुधारित मांडणीत म्हटलंय की निकष यांत्रिकपणे लावू नका, मूल्यमापनाचा हेतू पाहून वापरा. टीओआर लिहिणारे नेमकं तेवढंच वाचत नाहीत.

कापण्याची रीत सोपी आहे. प्रत्येक प्रश्नासमोर तीन रकाने काढा: या उत्तरावरून निर्णय कोण घेणार, कोणता, आणि कधीपर्यंत. एक जरी रकाना रिकामा राहिला तरी प्रश्न बाद. सहा ते आठ उरले तर तीन आठवड्यांत जमण्यासारखं आहे. मग त्या प्रत्येकाखाली उपप्रश्न, माहितीचा स्रोत आणि पद्धत लिहा. एखाद्या उपप्रश्नाला 'मुलाखती' हा एकमेव स्रोत निघाला तर सावध व्हा.

'परिणाम' हा निकष फार जपून घ्या. बेसलाइन (सुरुवातीची मोजणी) आणि तुलना गट (कार्यक्रम न मिळालेली तशीच मुलं) नसेल तर "कार्यक्रमामुळे खुजेपण (वयाच्या मानाने कमी उंची) इतकं घटलं" हे कुणालाही प्रामाणिकपणे लिहिता येत नाही. चार वर्षांत धान्याचे भाव, पाऊस, सरकारी योजना, सगळंच बदललेलं असतं. त्याऐवजी योगदान विश्लेषण मागा: कार्यकारणाची साखळी मांडायची, प्रत्येक कडीचा पुरावा शोधायचा आणि बदलाची इतर संभाव्य कारणंही तेवढ्याच कसोशीने तपासायची. लॉगफ्रेममध्ये (कामापासून अपेक्षित बदलापर्यंतच्या पायऱ्यांच्या तक्त्यात) 'प्रशिक्षण दिलं' आणि 'घरातली सवय बदलली' यांच्यामधली कडी बहुतेक वेळा गृहीत धरलेली असते. शिकण्यासारखं असतं ते तिथेच.

सॅम्पल_आधी
एंडलाइन (शेवटच्या मोजणीचं) सर्वेक्षण असेल तर त्याचा आकार आत्ताच तपासा. ३८४ हा आकडा सगळीकडे चिकटवलेला दिसतो. तो ९५% विश्वासपातळी, ५% चूक आणि साधी यादृच्छिक निवड असताना एकदाच अंदाज काढण्यासाठी आहे. तुम्हाला दोन फेऱ्यांची तुलना करायची आहे आणि घरं निवडायची आहेत गावागावांतून.

समजा एखादं प्रमाण ४०% वरून ३०% वर आलं का ते पाहायचंय. ८०% पॉवर (खरा फरक असेल तर तो सापडण्याची शक्यता) धरली तर प्रत्येक फेरीत साधारण ३५५ मुलं लागतात. एका गावातली मुलं एकमेकांसारखी असतात म्हणून हा आकडा १ + (गावातली मुलं − १) × आंतरगट सहसंबंध (एका गावातली मुलं किती सारखी आहेत त्याचं माप), याने गुणायचा. गावागणिक २० मुलं आणि सहसंबंध ०.१ असेल तर गुणक २.९, म्हणजे सुमारे १,०३०. गावागणिक १० घेतली तर १.९, म्हणजे सुमारे ६७५. गावं वाढवा, प्रत्येक गावातली मुलं कमी करा. प्रवासखर्च वाढतो, तो बजेटमध्ये धरा.

आणखी दोन ठिकाणी गडबड होते. बेसलाइन सुगीनंतर आणि एंडलाइन टंचाईच्या महिन्यांत घेतली तर लुकडेपणाची (उंचीच्या मानाने कमी वजनाची) तुलना फुकट जाते. ऋतू तोच हवा. दुसरं, मोजमापाचा दर्जा. वजनाचे आकडे .० आणि .५ वर थांबलेले दिसले की अंदाजाने लिहिलेत असं समजा. उंचीनुसार वजनाच्या झेड-स्कोअरचं (मूल प्रमाणित सरासरीपासून किती दूर आहे त्या आकड्याचं) प्रमाण विचलन ०.८ ते १.२ च्या बाहेर गेलं तर आधी मोजणाऱ्यांकडे पाहा, मग मुलांकडे.

उलटी_गणती
शिफारशींचं सांगतो. २२ शिफारशी कुणीच राबवत नाही. टीओआरमध्ये कमाल मर्यादा घाला, आठ. प्रत्येक शिफारस कोणत्या पदाला उद्देशून आहे ते अहवालातच यायला हवं. 'समन्वय बळकट करावा' छापाची शिफारस मसुद्याच्या टप्प्यावरच परत पाठवा.

व्यवस्थापनाच्या उत्तरात मान्य, अंशतः मान्य, अमान्य यांपैकी एक, आणि त्यासोबत कृती, जबाबदार पद, मुदत, खर्च. लपायची जागा 'अंशतः मान्य' ही असते, म्हणून कोणता अंश अमान्य आणि का, हे लिहायला लावा. कारणासह 'अमान्य' आलेलं केव्हाही चांगलं. दर सहा महिन्यांनी, दोन वर्षं स्थिती तपासा. ही तपासणी कार्यक्रमाच्या व्यवस्थापकाकडे नको. स्वतःच स्वतःला 'पूर्ण' देण्याची सोय होते ती.

वेळापत्रक निर्णयाच्या तारखेपासून मागे मोजा: प्रारंभिक अहवाल ४ आठवडे, क्षेत्रकाम ३, विश्लेषण ४, मसुदा आणि अभिप्राय ३, अंतिम प्रत २. झाले १६, आणि सल्लागार नेमायला आणखी ६ ते ८. पुढच्या टप्प्याचा प्रस्ताव त्याआधीच गेला तर अहवाल फक्त फायलीसाठी उरतो.

तुमचा मूळ प्रश्न: माहिती एकदाच गोळा करा, पण उत्पादनं दोन ठेवा. श्रेणी देणारा अहवाल निधी देणाऱ्यांसाठी, आणि त्याआधी चमूसोबत दोन दिवसांची श्रेणीविरहित बैठक, जिचं टिपण चमूपुरतंच राहील. श्रेणी डोक्यावर टांगलेली असताना काय फसलं ते कुणी मोकळेपणाने सांगत नाही.

तक्रारवही
बैठक ठीक, पण तिचं वेगळं टिपण काढून ते आतल्या आत ठेवायला माझा विरोध. अपयश 'शिकवण' या नावाखाली गुपचूप सरकवलं जातं आणि जाहीर अहवालात सगळं समाधानकारक! जे फसलं त्याचा सार जाहीर अहवालात आलाच पाहिजे, माणसांची नावं वगळून.

शिवाय वरच्या सगळ्या चर्चेत उत्तरदायित्व निधी देणाऱ्यांकडेच चाललंय. कोअर ह्युमॅनिटेरियन स्टँडर्ड (मदतकार्य करणाऱ्या संस्थांसाठीचं दर्जा-मानक) २०१४ साली आलं, त्यात लोकांना माहिती देणं आणि तक्रारींची दखल घेणं ही संस्थेचीच बांधिलकी मानली आहे. विकासकार्यक्रमालाही ती कसोटी लावायला हरकत नाही. टीओआरमध्ये तीन गोष्टी घाला. चार वर्षांची तक्रार नोंदवही मूल्यमापकांना द्यायची. एखाद्या गावातून एकही तक्रार नसेल तर ते समाधान आहे की लोकांना तक्रारीचा फोन नंबरच ठाऊक नव्हता, हे विचारायचं. आणि निष्कर्ष गावात परत सांगायचे, अंतिम प्रतीच्या आधी, त्यांच्या भाषेत. त्यासाठी दिवस आणि पैसे बजेटमध्ये वेगळे दाखवा, नाहीतर सगळ्यात आधी तेच कापलं जातं. लैंगिक शोषणाच्या तक्रारी मात्र या नोंदवहीतून वगळून गोपनीय वाटेनेच जाऊ द्या.

कच्चा_मसुदा
रकाने भरून पाहिले, ३४ पैकी ९ उरले. नववा प्रश्न 'शाश्वतते'चा आहे. कार्यक्रम संपायच्या आधीच त्याचं उत्तर कसं शोधायचं?

रकानेवाले
शोधता येत नाही, फक्त शक्यता तपासता येते. प्रश्न असा बदला: निधी थांबल्यावर कोणती कामं कोण करणार, त्याच्या अंदाजपत्रकात त्यासाठी तरतूद आहे का, सुटे भाग आणि माणसं कुठून येणार. खरं उत्तर हवं असेल तर दोन वर्षांनंतरच्या छोट्या भेटीचे पैसे आत्ताच बाजूला ठेवायला सांगा. निधी देणारे बहुधा नाही म्हणतील, पण मागणी लेखी ठेवा.