मदत हवी आहे: जुनी विंडोज ७ नव्या कॉम्प्युटरवर कशी न्यावी?

दुकानाचा जुना कॉम्प्युटर कधीही बंद पडेल अशा अवस्थेत आहे. त्यात विंडोज ७ (३२ बिट) आणि ५०० जीबीची साटा हार्ड डिस्क आहे, बायोसमध्ये (कॉम्प्युटर सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) आयडीई मोड, म्हणजे डिस्क जोडण्याची जुनी पद्धत. नव्या मशीनवर विंडोज ११ आहे, त्यात फक्त यूईएफआय (बायोसची नवी पद्धत). जुन्या पद्धतीने बूट करायचा लेगसी किंवा सीएसएमचा पर्याय बायोसमध्ये दिसत नाही.

नुसत्या फायलींचा प्रश्न नाही, त्यांचा बॅकअप दोन ठिकाणी घेतलाय. अडचण आहे ती बिलिंगच्या सॉफ्टवेअरची. सीडी हरवली, बनवणारे आता संपर्कात नाहीत आणि ते यूएसबी डोंगल (परवाना असलेली, पेनड्राइव्हसारखी किल्ली) लावल्याशिवाय उघडत नाही. त्यामुळे 'नवीन इन्स्टॉल करा' हा सल्ला इथे उपयोगाचा नाही.

जुनी डिस्क थेट जोडून पाहिली, बूटच्या यादीत येत नाही. मग डिस्क२व्हीएचडी या प्रोग्रामने इमेज (डिस्कची हुबेहूब प्रत) काढून व्हर्च्युअलबॉक्समध्ये (कॉम्प्युटरच्या आत दुसरा, व्हर्च्युअल कॉम्प्युटर चालवणारा प्रोग्राम) लावली. साटा कंट्रोलरवर ०x०००००००७बी ही निळी स्क्रीन (बूटची डिस्क वाचता येत नसल्याची एरर) आली. कंट्रोलर आयडीई केल्यावर मात्र विंडोज व्यवस्थित सुरू झाली! पण डोंगल आत दिसत नाही. व्हर्च्युअलबॉक्समध्ये यूएसबी ३.० निवडलं होतं, आणि विंडोज ७ मध्ये त्याचे ड्रायव्हर मुळात नसतात.

यूएसबी २.० केलं तर पुरेल, की डोंगलसाठी वेगळा फिल्टरही (ते आतल्या विंडोजकडे वळवणारी सेटिंग) लावावा लागतो? असं डोंगल व्हर्च्युअल मशीनमध्ये कुणी प्रत्यक्ष चालवलंय का?