मदत हवी आहे: कॅनडातल्या कॅल्गरीहून ड्रमहेलर आणि बफेलो जंप, आईबाबांसोबत

मंडळी, जुलैत आईबाबा नाशिकहून येतायत, बॅन्फ तर सगळेच दाखवतात म्हणून यंदा म्हटलं प्रेअरी (गवताळ मैदानं) दाखवू. ड्रमहेलरचं रॉयल टिरेल म्युझियम (डायनासोरचं) नक्की आहे, बाबा रिटायर्ड भूगोलाचे मास्तर, प्रत्येक पाटी वाचणार म्हणजे अख्खा दिवस गेलाच 😄

प्रश्न दुसऱ्या दिवसाचा. फोर्ट मॅक्लाउडजवळचं हेड-स्मॅश्ड-इन बफेलो जंप (1981 पासून युनेस्कोच्या यादीत, कड्यावरून बायसनचे कळप ढकलून शिकार करायचे ते) की ब्रूक्सजवळचं डायनासोर प्रोव्हिन्शियल पार्क? आईचे गुडघे दुखतात, आणि बॅडलँड्समध्ये (त्या पार्कातले उघडेबोडके, झिजलेले डोंगर) सावली म्हणून नाही. कुठे कमी चालावं लागेल? ज्येष्ठांना घेऊन कोणी गेलंय का? डबा घरूनच नेणार, थेपले झिंदाबाद.