९ मीटर लांब वाचनखोली, खिडकी एकाच टोकाला: मागच्या अंधाऱ्या भागाचं काय करावं?

वाचनवेळ

एका वाचनखोलीचं नूतनीकरण करायचं आहे. लांबी ९ मीटर, रुंदी ४.२, फरशीपासून स्लॅबपर्यंत उंची ३ मीटर. वर थेट गच्ची आहे. दोन्ही लांब भिंती शेजारच्या बांधकामाला लागून, त्यामुळे खिडकी एकच, पश्चिमेच्या आखूड भिंतीत: २.४ मीटर रुंद, १.२ उंच, सिल ९० सेंटिमीटरवर आणि लिंटेल २.१ मीटरवर. काच राखाडी टिंटेड. छज्जा नाही. खिडकीच्या मध्यातून पाहिलं तर समोरच्या इमारतीचा माथा २५ अंशांवर येतो. भिंती मातकट पिवळ्या, फरशी गडद.

ढगाळ दिवशी लक्समीटरने मोजलं. बाहेर मोकळ्या गच्चीवर १०,०००, आत टेबलाच्या उंचीवर खिडकीपासून १ मीटरवर १९०, आणि ७ मीटरवर जेमतेम ९ लक्स. ऊन असेल तेव्हा तर खिडकीकडे बघवत नाही आणि मागचा भाग आणखीच काळा दिसतो.

खिडकी रुंद करावी की उंच? लाइट शेल्फ (उजेड छताकडे फेकणारी, खिडकीतली आडवी फळी) लावावा का? स्लॅबमध्ये झरोका काढावा, की दिवसभर दिवेच लावायचे असं धरून चालावं? सध्या दिव्यांच्या दोन रांगा आहेत, दोन्ही लांबीच्या दिशेने, प्रत्येकीला एक बटण.

---

उभा_छेद

मोजमाप नीट केलंय, त्यामुळे अंदाजाने बोलायची गरज नाही. तुमच्या खोलीची सरासरी दिवसप्रकाश-टक्केवारी (बाहेरच्या उजेडाच्या किती टक्के उजेड सरासरीने आत पोहोचतो) हाताने काढता येते. काचेचं निव्वळ क्षेत्रफळ, तिची प्रकाश-पारगम्यता (काच किती हिस्सा उजेड आत सोडते), मळाचा गुणांक आणि खिडकीच्या मध्यातून दिसणाऱ्या आकाशाचा कोन यांचा गुणाकार करायचा. त्याला खोलीच्या सगळ्या पृष्ठभागांचं क्षेत्रफळ गुणिले (१ वजा सरासरी परावर्तनाचा वर्ग) याने भागायचं. परावर्तन म्हणजे पृष्ठभाग पडलेल्या उजेडातला किती हिस्सा परत फेकतात.

चौकटीचे २० टक्के वजा केले की काच २.३ चौरस मीटर उरते. टिंटेड काचेची पारगम्यता ०.४५ धरू, मळ ०.९, आकाशाचा कोन ९० वजा २५ म्हणजे ६५ अंश. सगळे पृष्ठभाग मिळून १५४.८ चौरस मीटर होतात. मातकट भिंती आणि गडद फरशी यांचं सरासरी परावर्तन ०.४ धरलं तर उत्तर येतं ०.४७ टक्के. सरासरी २ टक्क्यांच्या खाली गेली की दिवसाही दिवे लागतात, आणि ५ च्या आसपास असली की सहसा लागत नाहीत. तुम्ही २ च्या पाव हिश्श्यालाही नाही.

आता काय बदललं की किती फरक पडतो ते बघा. काच बदलून उष्णता रोखणारी पण उजेड सोडणारी दुहेरी काच घेतली (पारगम्यता ०.६५, उष्णता-गुणांक, म्हणजे उन्हाच्या उष्णतेचा आत येणारा हिस्सा, ०.३ ते ०.४), छत पांढरं, भिंती जवळजवळ पांढऱ्या आणि फरशी फिकी करून सरासरी परावर्तन ०.५५ वर नेलं, तर भिंतीला हात न लावता आकडा ०.८ होतो. त्यावर खिडकीचा माथा २.१ वरून २.८ मीटरवर नेला तर १.३. म्हणजे आजच्या पावणेतीन पट.

रुंदीपेक्षा उंची घ्या, हे मी ठामपणे सांगेन. बाजूच्या खिडकीचा उजेड साधारण माथ्याच्या उंचीच्या दोन ते अडीच पट अंतरापर्यंत कामाचा असतो. आज ते अंतर ४.२ ते सव्वापाच मीटर आहे, माथा २.८ ला गेला की ५.६ ते ७. सिलच्या खालची, म्हणजे टेबलाच्या पातळीखालची काच मागच्या टेबलाला जवळपास काहीच देत नाही. रुंदी वाढवल्याने पुढचाच भाग आणखी उजळतो, आणि तुमची खरी तक्रार तर पुढच्या-मागच्या तफावतीची आहे.

या तफावतीसाठी वेगळी कसोटी आहे. खोलीची खोली (खिडकीपासून मागच्या भिंतीपर्यंतचं अंतर) भागिले रुंदी, अधिक खोलीची खोली भागिले खिडकीच्या माथ्याची उंची, ही बेरीज २ भागिले (१ वजा मागच्या अर्ध्या भागाचं परावर्तन) यापेक्षा कमी हवी. मागचं परावर्तन ०.४ आणि माथा २.१ असताना ही अट फक्त ४.७ मीटर खोलीपर्यंत पाळली जाते. परावर्तन ०.६ आणि माथा २.८ केला की ८.४ मीटरपर्यंत. तुमच्या ९ मीटरला शेवटचा थोडा पट्टा बाहेर राहतोच. मात्र मागच्या भिंतीवर गडद लाकडाची कपाटं छतापर्यंत लावलीत तर हे सगळं गणित कोसळेल. कपाटं लांब भिंतींवर, पुढच्या अर्ध्या भागात ठेवा.

एक इशारा: पश्चिमेचं ऊन लागतं म्हणून वर छज्जा टाकायचा मोह होईल. खिडकीच्या मध्यापासून ६० सेंटिमीटर वर ६० सेंटिमीटरचा छज्जा आला की आकाशाचे वरचे ४५ अंश गेले. मग तुमच्याकडे ६५ ऐवजी २० अंशच उरतात, आणि पश्चिमेचं खाली आलेलं ऊन त्याच्या खालून आत येणारच.

---

ओळंबा

वर गच्ची आहे तर मागच्या भिंतीलगत झरोक्याची फट काढणं हा या खोलीतला सर्वात चांगला उपाय आहे, पण स्लॅब कोणत्या दिशेने भार नेतो ते आधी बघा. ९ भागिले ४.२ म्हणजे दोनपेक्षा जास्त, त्यामुळे हा बहुधा एकदिशा स्लॅब असेल: मुख्य सळया ४.२ च्या दिशेने, भार लांब भिंतींवर. मागच्या आखूड भिंतीला समांतर फट मुख्य सळयांना समांतर जाते, त्यामुळे त्या फारशा तुटत नाहीत. हीच फट लांब भिंतीलगत काढली असती तर प्रत्येक मुख्य सळई आधाराजवळच कापली गेली असती. तरीही मूळ नकाशा किंवा सळई-शोधक यंत्राने खात्री करून, रचना अभियंत्याकडून कडेची पट्टी आणि कोपऱ्यांच्या तिरप्या सळया ठरवून घेतल्याशिवाय कटर लावू नका. मागच्या भिंतीवरचा बीम कोणत्याही परिस्थितीत कापायचा नाही.

माप ४० सेंटिमीटर रुंद आणि ३.६ मीटर लांब पुरे. काच सुमारे १.३ चौरस मीटर. खोलीची सरासरी यातून फार तर अर्ध्या टक्क्याने वाढेल, कारण फटीच्या उभ्या बाजूच बराच उजेड खातात. पण जो येतो तो सगळा मागच्या भिंतीवर पडतो, आणि डोळा खोली उजळ की अंधारी हे समोरच्या उभ्या पृष्ठभागावरूनच ठरवतो. फटीच्या खोलीकडच्या कडेला उतार द्या, बाजू चुनापांढऱ्या ठेवा.

गळतीबद्दल सविस्तर लिहितो, कारण झरोके बंद करण्याची वेळ बहुतेक वेळा यामुळेच येते. भोवतीची बांधणी गच्चीच्या तयार फरसबंदीपासून किमान १५ सेंटिमीटर वर हवी. पुढे कधी गच्चीवर नवा थर टाकला की ही उंची कमी होते, म्हणून २० ठेवलेली बरी. वॉटरप्रूफिंगचा थर बांधणीवर उभा चढवून वरच्या कडेपर्यंत न्या आणि काचेची चौकट त्यावर टोपीसारखी बाहेर येऊ द्या. खालच्या कडेला पाणी निथळायला खाच हवी. काच आडवी नको, पाचेक अंशांचा तरी उतार द्या, नाहीतर पाणी साचतं आणि धुळीचा थर धरतो. डोक्यावरची काच आतल्या बाजूने लॅमिनेटेडच (दोन काचांमध्ये चिकट पडदी असलेली) हवी, म्हणजे फुटली तरी तुकडे पडदीला चिकटून राहतात. त्याच पडदीमुळे अतिनील किरणंही जवळपास सगळी अडतात, पुस्तकांसाठी हे महत्त्वाचं आहे. पडदी दुधी घेतली तर भिंतीवर उन्हाचे कडक पट्टे येणार नाहीत.

पॉलिकार्बोनेटचा पत्रा वापरणार असाल तर त्याची हालचाल लक्षात घ्या. तापमानात ४० अंशांचा फरक पडला की दर मीटरला अडीच मिलिमीटरहून जास्त वाढ होते, म्हणजे ३.६ मीटरला साधारण ९ ते १० मिलिमीटर. स्क्रूची भोकं घट्ट ठेवली की पत्रा ताणतो, सिलिकॉन फाटतं आणि दुसऱ्या पावसाळ्यात थेंब सुरू होतात. भोकं मोठी पाडा, रबरी वॉशर लावा. अतिनील-रोधक थर असलेली बाजू वरच असायला हवी, उलटा बसवला तर पत्रा पिवळा पडतो.

उष्णता: माथ्यावरच्या कडक उन्हात चौरस मीटरला सुमारे ९०० वॅट धरले आणि काचेचा उष्णता-गुणांक ०.३ असला तर १.३ चौरस मीटरमधून साधारण साडेतीनशे वॅट आत येतात. एवढ्याशा फटीसाठी हे चालून जातं. म्हणून फट अरुंद ठेवायची, चौकोनी मोठी काच नको.

---

वाचनवेळ

उपयोगी पडलं. लाइट शेल्फबद्दल कोणी बोललं नाही. आणि माथा २.८ ला नेला तर संध्याकाळचं ऊन आणखी आत येईल ना?

---

उभा_छेद

लाइट शेल्फने उजेड वाढत नाही, वाटला जातो. खिडकीजवळचा कमी होतो, त्यातला काही छतावरून मागे जातो. सूर्य उंच असलेल्या दिशेला, थेट ऊन असताना तो चांगला चालतो. पश्चिमेला ऊन तिरपं, समोर इमारत, आणि ढगाळ दिवशी तर शेल्फ नुसतं आकाश झाकतो. या खिडकीला नको.

ऊन येईल, हो. समोरची इमारत २५ अंशांखालचं ऊन अडवेल, त्रास त्याच्या वरच्या दोनेक तासांचा. खिडकीला २.१ वर एक आडवी पट्टी देऊन वरची आणि खालची काच वेगळी करा. खाली बाहेरच्या बाजूने उभ्या फिरत्या पट्ट्या किंवा जाळीचा पडदा. आतला पडदा डोळ्यांना वाचवतो, पण तोवर उष्णता आत आलेली असते. वर आतून आडव्या पट्ट्यांचा ब्लाइंड, पट्ट्यांची खोलगट बाजू वर ठेवून, म्हणजे ऊन छताकडे फेकलं जातं. दोन्हींच्या दोऱ्या वेगळ्या हव्यात. एकच पडदा असला की ४ वाजता कोणीतरी तो पूर्ण ओढतं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी उघडत नाही.

खिडकीच्या आतल्या कडा तिरप्या कापून पांढऱ्या करा. उजळ आकाश आणि त्याला लागून गडद भिंत, यामुळेच डोळे दिपतात. मधे मध्यम उजेडाची पट्टी आली की त्रास बराच कमी होतो. टेबलं अशी लावा की खिडकी वाचणाऱ्याच्या डाव्या-उजव्या हाताला येईल, समोर किंवा पाठीशी नाही.

---

तारजोड

दिव्यांचं. सध्याच्या लांबीच्या रांगा हीच पहिली अडचण आहे. मागे अंधार म्हणून बटण दाबलं की खिडकीजवळचे दिवेही लागतात. रांगा खिडकीला समांतर करा आणि तीन सर्किट ठेवा: पुढचे ३ मीटर, मधले, मागचे.

मागच्या साडेचार मीटरचं क्षेत्र १८.९ चौरस मीटर. सर्वसाधारण ३०० लक्स छतावरून, आणि वाचायला लागणारे ५०० टेबलदिव्याने पुरे करायचे. ३०० गुणिले १८.९, भागिले वापर-गुणांक ०.५५ (दिव्यांचा किती उजेड टेबलापर्यंत पोहोचतो) आणि देखभाल-गुणांक ०.८ (धूळ आणि वयामुळे होणारी घट), म्हणजे दिव्यांतून एकूण जवळपास १३,००० ल्युमेन उजेड. वॅटला १०० ल्युमेन देणारे दिवे धरले तर १३० वॅट. हे सगळे ल्युमेन खाली तोंड करून लावू नका. निदान तिसरा हिस्सा मागच्या भिंतीवर टाका: भिंतीपासून ९० सेंटिमीटर ते १ मीटरवर चार वॉलवॉशर (भिंतीवर सपाट उजेड टाकणारे दिवे), आपसात १.०५ मीटर, कडेच्या भिंतीपासून निम्मं अंतर. भिंतीच्या अगदी जवळ, २०-३० सेंटिमीटरवर लावले तर गिलाव्यातला प्रत्येक फुगवटा सावली टाकेल. ओळंब्यांनी सांगितलेली फट झाली तर दिवसा हे वॉशर बंद राहतील आणि रात्री तीच भिंत तशीच उजळेल. वास्तुकार लुई कानने अमेरिकेतल्या फोर्ट वर्थच्या किंबेल संग्रहालयात (१९७२) कमानीच्या माथ्याच्या चिरेतला उजेड खालच्या ॲल्युमिनियम परावर्तकांनी पुन्हा कमानीच्या पोटावर टाकला. उजळलेला पृष्ठभाग हाच तिथे दिवा ठरतो.

अरुंद झोताच्या डाउनलाइटचा मोह टाळा. ३६ अंशांचा झोत २ मीटर खाली १.३ मीटरचं वर्तुळ पाडतो. टेबलावर ठिपके पडतात, भिंतीचा वरचा भाग काळा राहतो आणि वाचणाऱ्याच्या कपाळाची सावली पानावर येते.

रंग-तापमान ४००० केल्विन घ्या. २७०० दिवसा खिडकीच्या उजेडाशेजारी पिवळट, आजारी दिसतं. ६५०० रात्री निळसर. रंग-दर्शकांक (दिव्याखाली रंग किती खरे दिसतात त्याचं १०० पैकी माप) ९०. सगळे दिवे एकाच बॅचचे घ्या आणि दोन-तीन जादा ठेवा, पुढे तोच रंग मिळेल याची खात्री नसते.

छताच्या कडेला एलईडी पट्टी लावणार असाल तर २४ व्होल्टची घ्या, ५ मीटरपेक्षा लांब असेल तर दोन्ही टोकांनी वीज द्या, नाहीतर शेवटचं टोक मंद पडतं. ॲल्युमिनियमच्या पन्हाळीतच बसवा, लाकडावर चिकटवलेली पट्टी तापून लवकर उतरते. छत आणि पट्टीत १५ ते २० सेंटिमीटर मोकळे हवेत, कमी ठेवले तर छतावर फक्त एक कडक रेघ उमटते.

डिमिंगसाठी भिंतीवरचा जुना डिमर आणि साधा ड्रायव्हर (एलईडीला वीज पुरवणारा भाग) ही जोडी लावू नका. त्याने लुकलुक होते किंवा खालच्या टप्प्यात दिवा एकदम विझतो. ड्रायव्हरवर १ ते १० व्होल्ट किंवा डाली (मंद करण्याच्या दोन नियंत्रण-पद्धती) असं लिहिलेलं बघून घ्या आणि त्याच्या नियंत्रण-तारा वायरिंग करतानाच टाका. लुकलुक मोबाइलच्या स्लो-मोशन चित्रणात दिसते, खरेदीपूर्वी दिवा अर्ध्यावर आणून तपासा.

---

वाचनवेळ

उजेडानुसार आपोआप मंद होणारा सेन्सर लावला तर तो कुठे?

---

तारजोड

मधल्या सर्किटला लावा, तिथेच दिवसभर बदल होतो. पुढचं सर्किट दिवसा बंदच राहील, मागच्याला फट झाल्यावर बघू. सेन्सर छतावर, खिडकीपासून साधारण ५ मीटरवर, तोंड खाली टेबलाकडे. त्याला खिडकी किंवा दुसऱ्या दिव्याचा झोत थेट दिसता कामा नये, नाहीतर बाहेर ऊन पडलं की टेबलावर अंधार असूनही तो दिवे मंद करतो. खाली पांढऱ्या कागदांचा गठ्ठा आला तरी त्याला उजेड वाढल्यासारखा वाटतो, म्हणून जुळवणी टेबल वापरात असताना करा, रिकाम्या खोलीत नाही. जुळवणी दोनदा: एकदा रात्री फक्त दिव्यांवर ३०० लक्स, एकदा दुपारी पडदे उघडे ठेवून. ढग आले-गेले की दिवे खालीवर होऊ नयेत म्हणून मंद होण्याला ५ ते १० मिनिटांचा विलंब द्या, उजळण्याला अर्धा मिनिट पुरे. आणि हातानेही चालवता येईल असं बटण दाराशी ठेवाच.